इंचमास्तरांचा टोबी

मास्तर नमस्कार करायचे तेव्हाही समोरच्या माणसाचं माप घेत असावेत. आधी नजर डोक्यापासून पायापर्यंत जायची, मग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, आणि मग कुठे दोन हात जुळायचे. गळ्यात, कोटाच्या आत, कापडी टेप कायम लोंबत असे. जेवायला बसतानाही ती उतरत नसे. बाजारातून पडवळ आणलं की ते मोजत. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, नवा पाट करून घेतला तर सुताराच्या देखत तो उलटासुलटा करून मोजत. माझ्या चुलतभावाचं लग्न ठरल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मुलीची उंची किती?" गिरणीत त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. सगळे पाठीमागे त्यांना इंचमास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या घडीखात्याचे ते मुख्य. मागावरून उतरलेलं कापड घडीखात्यात येतं, तिथल्या लांब टेबलावर ते पसरून तपासतात, मोजतात, घडी घालतात आणि मगच त्यावर गिरणीचा शिक्का बसतो. मी मोहोळहून मॅट्रिक होऊन आलो आणि मास्तरांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो. राहायला दुसरीकडे सोय नव्हती, म्हणून त्यांच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत माझं बिऱ्हाड. म्हणजे दिवसभर मास्तर, संध्याकाळी मास्तर आणि रविवारीही मास्तरच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती चार-पाच वर्षं आठवली की अजूनही आधी वैताग येतो, आणि माया त्याच्या मागून हळूहळू येते.

"माप म्हणजे माप. त्यात तुझं काय आणि माझं काय?" हे त्यांचं वाक्य मी दिवसातून दहादा ऐकत असे. धोतराचा पन्हा अर्धा इंच कमी भरला की त्या ताक्यावर त्यांची निळी पेन्सिल चालायची. मोठी फुली, आणि खाली 'नापास'. कुणी विणलं, का असं झालं, हे ते विचारत नसत. एका महिन्यात एकाच माणसाचे तीन ताके नापास झाले की मागावरून त्याचं नाव कमी करायचं, हा गिरणीचा नियम होता. तो मास्तरांनी केलेला नव्हता. पण त्यांच्या पेन्सिलीखेरीज तो चालतही नव्हता.

अशा माणसाच्या घरी टोबी आला, ही मास्तरांची चूक नव्हती. गिरणीचे विणकाम मॅनेजर यॉर्कशायरकडचे एक साहेब होते. सोलापूरच्या उन्हाने त्यांची प्रकृती ढासळली आणि ते बायकोसह विलायतेला परत निघाले. मडमेकडे लांब रेशमी केसांची चिमुकली कुत्री होती, यॉर्कशायर टेरियर जातीची. आमच्या मुलुखातल्या गिरणीकामगारांनीच ही जात वाढवली, आणि आमच्या वडिलांच्या घरी ती तीन पिढ्या आहे, असं ती अभिमानाने सांगे. शेवटचं तीन महिन्यांचं एक पिल्लू उरलं होतं. ते तिने मास्तरांना दिलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "या गिरणीत लिहून दिलेल्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत पाळणारा माणूस हा एकच."

पिल्लासोबत सूचनांचा एक कागदही होता. केस रोज विंचरावेत. डोळ्यांवर येणारे केस फितीने बांधावेत. धुळीत सोडू नये. खिम्याचं मांस थोडं थोडं द्यावं. दर महिन्याला पत्राने वजन कळवावं. आणि सर्वांत खाली, रेघ मारून, की पूर्ण वाढल्यावर वजन सात पौंडांच्या आत राहिलं पाहिजे. त्याहून मोठं झालं तर ते आमच्या घराण्याचं नव्हे. मास्तरांनी तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगला. मांसाची सूचना तेवढी आमच्या घरी पाळता येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच पत्रात कळवून टाकलं.

पिल्लू त्यांनी कोटाच्या खिशातून आणलं होतं. खिशाबाहेर फक्त काळं नाक आणि दोन डोळे दिसत होते. काकू दारातच म्हणाल्या, "अगंबाई, उंदीर आणलात की काय?"

"टोबी नाव आहे त्याचं."

"काय? ठोंब्या?"

"टोबी!"

पण काकूंच्या जिभेला ते कधी वळलं नाही. मास्तर टोबी म्हणत, काकू ठोंब्या म्हणत, आणि तो हाक ऐकली की दोघांकडेही धावत जाई. काकूंकडे जरा जास्तच वेगाने.

दर शनिवारी दुपारी भोंगा झाला की वजन. सुताच्या गोदामात पौंडांचा मोठा काटा होता. टोबीला टोपलीत बसवायचं, टोपली काट्यावर ठेवायची, मी तिचं वजन वजा करायचं आणि आकडा वहीत मांडायचा. चार पौंड. पाच. साडेपाच. साडेसहा भरलं त्या शनिवारी मास्तर खूश होते. "आता थांबेल," म्हणाले. पुढच्या महिन्यात साडेसात भरलं. मास्तरांनी टोपलीत हात घालून पाहिला, जणू कुणी तळाशी दगड लपवला होता.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते आठवलं तरी मला दमायला होतं. मास्तरांनी टोबीचा दूधभात निम्म्यावर आणला. भाताची वाटी ते स्वतः भरायचे आणि वरून पट्टीने सारखी करायचे. कुत्रं आठवडाभर त्या वाटीकडे आणि मग मास्तरांकडे बघत राहिलं. शनिवारी वजन आणखी पाव पौंडाने वाढलं. मास्तरांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"तू काही घालतोस का त्याला?"

"मी कशाला घालू? मलाच मोजून मिळतं."

खरा प्रकार मला ठाऊक होता, आणि तो सांगता येत नव्हता म्हणून माझी आणखी कुचंबणा. मास्तर आंघोळीला गेले की काकू कडक भाकरी आमटीत कुस्करून, वर दाण्याचं कूट घालून मोरीच्या कडेला ठेवायच्या. टोबी ताटली चाटूनपुसून मास्तरांच्या पायाशी येऊन उपाशी चेहऱ्याने बसायचा. एके दिवशी मास्तर विसरलेला पंचा घ्यायला मागे फिरले आणि दोघांना ताटलीसकट पकडलं.

"हे काय चाललंय?"

"जेवतोय तो," काकू म्हणाल्या.

"सात पौंडांच्या आत ठेवायचाय त्याला!"

"मडमेला काय जातंय सांगायला? ती बसली तिकडं विलायतेत. इथं माझ्या दारात भुकेलं कुत्रं रडलं तर शेजारी मला विचारतील."

"कागदावर लिहिलंय."

"मग कागदालाच घाला जेवायला."

मास्तर तीन दिवस काकूंशी बोलले नाहीत. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. मी हातातलं काम टाकून बाहेरच्या खोलीतून आत आणि आतून बाहेर निरोप वाहत होतो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "तुम्ही दोघं एकाच घरात आहात, मास्तर." ते म्हणाले, "तिला सांग, मीठ कमी आहे."

कुत्रं दहा पौंडांवर गेलं तेव्हा मास्तरांनी ठरवलं की काट्यातच दोष आहे. गोदामाचे तोलार रसूलचाचा तीस वर्षं त्या काट्यावर उभे होते. मास्तरांनी दुसऱ्या गोदामातली वजनं मागवली, काटा सोडवला, दांडी पुसली, पारडी उलटी केली. त्या दिवशी सुताच्या गाड्या फाटकापाशी खोळंबल्या आणि शिव्या मी खाल्ल्या. काटा बिनचूक निघाला. रसूलचाचा दाढी खाजवत म्हणाले, "काटा झूट नई बोलता, मास्तर. कुत्ता बढरा. बढने दो की." टेप काढून मास्तरांनी टोबीची खांद्यापर्यंतची उंची घेतली, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा घेतली. दोन्ही बाजूंनी ती सारखीच होती.

केसांचंही तसंच. कागदावर लिहिलं होतं की केस रेशमासारखे जमिनीपर्यंत लोंबावेत. सोलापूरच्या धुळीत आणि गिरणीच्या उडत्या कापसात ते लोंबले, पण त्यांच्या दोऱ्या झाल्या. मास्तर रोज सकाळी पाऊण तास फणी घेऊन बसत. त्या पाऊण तासात मला कामावर जायला उशीर होई, कारण टोबीचे पुढचे पाय धरायचं काम माझ्याकडे होतं. वैशाखात कुत्रं जीभ काढून धापा टाकायला लागलं. काकूंनी सरळ न्हाव्याला बोलावून त्याचे केस उतरवून टाकले. संध्याकाळी मास्तर आले तेव्हा अंगणात एक ठेंगणं, रुंद छातीचं, करड्या रंगाचं जनावर शेपूट हलवत उभं होतं. मास्तर मागे सरले आणि मला म्हणाले, "हे कुणाचं?"

एवढं असूनही एक गोष्ट मी पाहत होतो. टोबी भोंगा ओळखायला शिकला होता. संध्याकाळचा भोंगा झाला की घरून निघून तो गिरणीच्या फाटकापाशी येऊन बसे. शेकडो माणसं बाहेर पडत, त्यांच्या पायांतून तो वाट काढत बरोबर मास्तरांना गाठे. "धुळीत येतो मूर्ख," असं मास्तर रोज म्हणत. आणि मग एरवी झपझप चालणारा हा माणूस टोबीच्या चालीने, दर खांबापाशी थांबत थांबत घरी येई. लोक म्हणत, "मास्तर, वासरू झक्क हाय."

आता पत्रांबद्दल सांगायला हवं. दर महिन्याला मडमेला जाणारं इंग्रजी पत्र मास्तर तोंडी सांगत आणि माझं अक्षर बरं म्हणून मी ते उतरवत असे. वजन साडेसहा भरलं तोपर्यंत आकडे खरे होते. पुढच्या महिन्यात काट्यावर साडेसात भरलं आणि मास्तरांनी सांगितलं, "लिही, सहा पौंड, चौदा औंस." मी वर पाहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी लिहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यांतही तसंच. कापडाचा एक दोरा कमी-जास्त खपवून न घेणारा माणूस माझ्या हातून खोटा आकडा लिहवून घेत होता, आणि मी तो सुबक अक्षरात लिहीत होतो. मला त्यांचा राग येत होता. माझा स्वतःचाही येत होता.

त्याच सुमारास नरसय्याचं प्रकरण झालं. नरसय्या तेलुगू विणकर, चाळिशीचा, शांत माणूस. त्या महिन्यात त्याच्या धोतरांचे दोन ताके पन्ह्यात अर्धा इंच कमी भरून नापास झाले होते. तिसरा आला, तोही अर्धा इंच कमी. मास्तरांनी नियमाप्रमाणे त्याला टेबलापाशी बोलावलं आणि त्याच्यासमोर पुन्हा मोजलं.

नरसय्या म्हणाला, "मास्तर, मागाची फणी झिजलीया, धागं रुंदीत धरत न्हाय. जॉबर मुकादमाला दोन खेपा सांगिटलं. कापड उतरलं की आकसतंय. माझा हात न्हाय त्यात."

"ते मागखात्यात बोल. माझ्या टेबलावर येतं ते मी मोजतो. माप म्हणजे माप."

भोंग्याची वेळ होत आली होती. घडीखात्याच्या खिडकीतून फाटक दिसे, आणि तिथे टोबी येऊन बसला होता. नरसय्याने तिकडे पाहिलं.

"तुमचं कुत्रं मापाच्या भाईर गेलंय, समद्या गिरणीला ठावं हाय," तो आवाज न चढवता म्हणाला. "ते तुमच्या घरात ऱ्हातंय की. मग मी का भाईर?"

टेबलाभोवती दहा-बारा माणसं होती. कुणी हसलं नाही. मास्तरांची पेन्सिल ताक्याच्या वर तशीच थांबली. मला वाटलं, ती खाली येणार नाही. पण आली. फुली पडली. नरसय्याने खुंटीवरचा डबा काढला, डोक्याला फडका बांधला आणि तो निघून गेला. फाटकातून जाताना टोबीने त्याचा हात हुंगला. त्याने हात मागे घेतला नाही, एवढं मला दिसलं.

त्याच संध्याकाळी पत्राचा दिवस होता. मास्तर खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले, "वजन सहा पौंड, पंधरा औंस."

मी टाक खाली ठेवला. "शनिवारी साडेचौदा भरलं, मास्तर."

"मला ठाऊक आहे."

"मग हे कशाला?"

"तिच्या वडिलांच्या घरची जात आहे. विश्वासाने दिलंय. वाईट वाटेल तिला."

"नरसय्याच्या बायकोला वाटलं नसेल वाईट?" माझा आवाज चढला होता. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अर्ध्या इंचासाठी तुम्ही त्याला घरी पाठवलं, आणि इथं साडेसात पौंड गिळून टाकता? मी नाही लिहिणार. दुसरा कारकून बघा."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. नोकरी आणि खोली दोन्ही गेल्या असं धरून ट्रंक आवरायला घेतली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर एक पत्र होतं. मास्तरांच्या स्वतःच्या वाकड्या अक्षरात, चुकांनी भरलेल्या इंग्रजीत. काही महिन्यांपासून मी तुम्हाला चुकीचं वजन कळवत आहे, खरं वजन साडेचौदा पौंड, उंची पावणेतेरा इंच, दोष माझा आहे, कुत्र्याचा नाही, त्याची प्रकृती उत्तम आहे. मी ते पोस्टात टाकावं म्हणून ठेवलं होतं. मी टाकलं आणि ट्रंक पुन्हा उघडली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मडम रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. तिने लिहिलं होतं की खरं कळवलंत हे बरं केलंत. हा आमच्या घराण्याचा नव्हे हे उघड आहे. त्याला एखाद्या पहारेकऱ्याला देऊन टाका किंवा गुरांच्या डॉक्टरकडून शांतपणे संपवा. माझी बहीण मद्रासला असते, तिच्याकडे अगदी निवडक पिल्लू आहे. ती मेलने मुंबईला जाताना सोलापूर स्टेशनवर ते तुम्हाला देईल. मात्र दोन्ही एका घरात नकोत. आधीचा गेल्याची खात्री झाली तरच ती पिल्लू देईल.

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही. ठरल्या दिवशी दुपारी गिरणीतून रजा घेतली, मला बरोबर घेतलं, टांगा बोलावला आणि टोबीला साखळी लावून टांग्यात चढवलं. स्टेशनवरच्या कुण्या पहारेकऱ्याला ते त्याला देणार, असं मी समजलो. टांग्यात टोबी माझ्या मांडीवर बसला होता. चांगला जड होता. मी रस्ताभर बाहेर बघत राहिलो. मास्तरांशी बोलावं असं मला वाटेना.

मेल आली. पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक उंच मडम उतरली. तिच्या नोकराच्या हातात वेताची करंडी होती. तिने झाकण उघडलं. आत ओंजळीएवढं पिल्लू होतं, पाठीवर पोलादी निळे केस, डोक्याला फीत. मास्तरांनी ते तळहातावर घेतलं. सवयीने टेप काढली, उंची घेतली, लांबी घेतली, पंजे उलटे करून पाहिले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो. बिनचूक कापड पाहिलं की त्यांचा चेहरा तसाच होई.

"आधीचा गेला ना?" मडमेने विचारलं.

तेव्हा टोबी मास्तरांच्या पायामागून पुढे आला आणि शेपूट हलवू लागला. मडमेने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. "हा तो?"

मास्तरांनी पिल्लू हलकेच करंडीत ठेवलं, त्याच्या कपाळावरची फीत सारखी केली, झाकण लावलं आणि सरळ उभे राहिले. "परफेक्ट, मॅडम," ते म्हणाले. "व्हेरी परफेक्ट. बट नो व्हेकन्सी."

काम मागायला येणाऱ्यांसाठी गिरणीच्या फाटकावर जी पाटी लावत, तिच्यावरचे हे शब्द. मडमेला ते कळले नसावेत. मास्तरांना त्याहून वेगळं इंग्रजी सुचलं नसावं. शिट्टी झाली, करंडी पुन्हा डब्यात चढली आणि मेल निघून गेली.

परतताना मास्तर खुशीत होते. टोबीला त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. मला मात्र आनंदापेक्षा संताप जास्त होता. म्हटलं, "कुत्र्यासाठी कागद बाजूला ठेवलात. नरसय्याने तर फणी झिजल्याचं सांगितलं होतं. उठून बघायला गेला असतात तरी किती वेळ लागला असता?" मास्तरांची खुशी तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागखात्यात गेले. इतक्या वर्षांत ते तिकडे गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. नरसय्याच्या मागावर आता दुसरा माणूस होता आणि त्याचंही कापड अर्धा इंच कमी निघत होतं. मास्तरांनी माग थांबवून फणी काढायला लावली. कडेचे दात झिजून वाकले होते. मास्तर ती फणी हातात घेऊन तसेच नव्या मॅनेजरच्या खोलीत गेले आणि नरसय्याला परत घेण्याची लेखी परवानगी घेऊनच बाहेर आले.

संध्याकाळी आम्ही साखर पेठेत त्याच्या घरी गेलो. टोबीही मागून आला. नरसय्याने भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीत हातमाग मांडला होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मास्तरांनी परवानगीचा कागद पुढे केला. नरसय्याने तो वाचला आणि नीट घडी करून परत दिला.

"तुमी आलात, बरं वाटलं, मास्तर. पन आता न्हाय. हितं फणी झिजली तर मीच बदलतो. कुनाला सांगाय लागत न्हाय."

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले.

"व्हय," नरसय्या म्हणाला.

तो आणखी काहीतरी म्हणेल, जाऊ द्या म्हणेल, म्हणून मास्तर थांबले. तो म्हणाला नाही. मला तेव्हा त्याचाही राग आला. आज येत नाही. थोड्या वेळाने त्याने दाराशी बसलेल्या टोबीकडे मान वळवली. "किती झालं आता?"

"पंधरा."

"वाढू द्या की," तो म्हणाला आणि मागावर बसला.

यानंतर मास्तर सुधारले आणि सगळं सुरळीत झालं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. झालं उलटंच. आता ताका कमी भरला की मास्तर पेन्सिल ठेवून मागखात्यात जात. फणी बघत, सूत बघत, जॉबरशी भांडत. इकडे टेबलावर कापडाचे ढीग साचत. पूर्वी ते टेबल सोडत नसत म्हणून मी वैतागायचो, आता ते टेबलापाशी सापडत नाहीत म्हणून वैतागू लागलो. जॉबर त्यांच्या नावाने बोटं मोडत. मॅनेजरने दोनदा समज दिली. मास्तर म्हणायचे, "आधी बघू तरी दे, मग लिहितो." वर्ष संपता संपता त्यांना मुदतीआधीच निवृत्त केलं गेलं. निरोपाचा हार घालायला मॅनेजर आलाच नाही. विणकर मात्र बरेच आले होते. त्यांनी फाटकापासून घरापर्यंत मास्तरांची सोबत केली, आणि त्या गर्दीत टोबी सगळ्यांच्या पुढे चालत होता.

पुढे मला बार्शीच्या एका गिरणीत घडीखात्याच्या मुख्याची जागा मिळाली आणि मी सोलापूर सोडलं. येणं-जाणं कमी झालं. टोबी म्हातारा होऊन गेल्याचं काकूंच्या पत्राने कळलं. मास्तर आजारी असल्याचं कळलं तेव्हा रविवार गाठून भेटायला गेलो. ते खाटेवर पडून होते, खूप बारीक झाले होते. काकू कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होत्या. मला पाहून त्यांना बरं वाटलं. बार्शीच्या गिरणीची चौकशी केली. किती माग, कसलं सूत, टेबल किती लांब. मग विचारलं, "या महिन्यात नापास किती जणांचं?"

"अकरा जणांचं," मी म्हणालो. आकडा मला तोंडपाठ होता, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

"त्यांतल्या किती जणांची नावं ठाऊक आहेत तुला?"

मला मागांचे नंबर ठाऊक होते. ते मी सांगू लागलो. मास्तरांनी हात जरा वर करून मला थांबवलं. ते रागावले नव्हते, दमले होते. "हं," म्हणाले आणि डोळे मिटले. त्यानंतर काकूंनी मला जेवायला वाढलं आणि संध्याकाळी मी निघालो. दिवाळीच्या आधी मास्तर गेले.

त्या भेटीनंतरच्या सोमवारी, बार्शीला, मी टेबल सोडून मागखात्यात शिरलो. आवाजाने कान बंद झाले. पहिल्याच मागावर पन्नाशीचा एक माणूस होता, मिशीला कापूस चिकटलेला. मी त्याला नाव विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी कानाजवळ वाकून पुन्हा विचारलं. त्याने माग थांबवला, दोन्ही हात धोतराला पुसले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

"का साहेब?" तो म्हणाला. "काय चुकलं का माझं?"